तोफांची वही

नाशिक रोड
२ जुलै २०२५

ती. सिंधुआत्यास,
सा. न.

रविवारी तुझ्या मागच्या खोलीत तो पिवळा डबा ठेवून आले खरी, पण बसच्या घाईत तो कशासाठी आहे ते धड सांगता आलं नाही. पाटीवर लिहायला घेतलं तर "आधी चहा घे" म्हणून तू पाटीच काढून घेतलीस. म्हणून हे पत्र. तसंही तुला समोर बोललेलं अर्धं कळतं आणि लिहिलेलं पूर्ण, हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

तर डबा जमिनीची थरथर मोजतो. जमीन कधीच पुरती स्वस्थ नसते. वारा, ओढा, रस्त्यावरचा ट्रक, सगळ्यांमुळे ती बारीक हलत असते. त्या हलण्यावरून माती किती खोल आहे आणि खडक कुठे लागतो ते काढता येतं. करंजवाडीच्या डोंगराखाली माती किती जाड आहे, एवढाच माझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधाचा विषय. ३१ जुलैला प्रबंध द्यायचा, ४ ऑगस्टला तोंडी परीक्षा, आणि पास झाले की नागपूरच्या बोगदे खणणाऱ्या कंपनीत नोकरी. बाबा प्रेसमध्ये सगळ्यांना सांगत सुटलेत, की भूशास्त्र शिकून पोरगी शेवटी दगड फोडायला चालली. त्यांना म्हणावं, हे खूळ तुमच्या बहिणीनेच डोक्यात भरलंय. ओढ्यातल्या गारगोट्या माझ्या दप्तरात कोण भरायचं?

अडचण एकच. देवळालीच्या लष्करी रेंजवर तोफा सुटल्या की तुझ्या मांडणीवरची भांडी नाचतात. तो हादरा माझ्या नोंदीत नको. तेव्हा तोफ झाली की वहीत तारीख आणि वेळ लिही, पुढे 'तोफ' लिही. बस. तेवढे तुकडे मी कापून टाकीन. दर आठवड्याला वहीचं पान आणि डब्यातलं कार्ड फकिरामामाच्या दुधाच्या गाडीतून पाठव.

तुझी,
पायल


करंजवाडी
९ जुलै

चि. पायल हिस अनेक आशीर्वाद.

पान आणि कार्ड पाठवते आहे. सात दिवसांत अकरा तोफा झाल्या. वही माझ्या बालवाडीच्या हजेरीपटासारखी आखली आहे, अक्षर लागेल. तुझा डबा गुणी आहे, काही खायला मागत नाही. त्याच्यावर फडकं घालून ठेवते, पाली फार झाल्यात.

दादाला सांग, मला तोफ चांगली ऐकू येते. तो उगीच माझ्या कानांची काळजी करतो आणि मला तुमच्या तिसऱ्या मजल्यावर कोंडायला बघतो.

यंदा गोळे आमच्या बाजूला टाकत नाहीत असं दिसतं. इकडे टाकायचे असले की पंचायतीत नोटीस लागते, डोंगरावर लाल झेंडा चढतो, आणि आम्ही सहाही घरं गुरंढोरं घेऊन खाली शेवगे गावच्या शाळेत जाऊन बसतो. झेंडा उतरला की परत. तीस वर्षं तो झेंडा आपले सावळीरामभाऊच लावायचे, रेंजवर रोजंदारीला होते ना. आता थकलेत. वरच्या टोकाच्या घरात ते आणि त्यांची म्हैस, दोघंच. यंदा झेंडा एकदाही लागला नाही, आणि हादरे मात्र पायाखाली फुटल्यासारखे येतात.

बाकी क्षेम. मागचं दार पावसाने फुगलंय, खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. करंजाखालच्या झऱ्याचं पाणी चहासारखं झालंय, म्हणून प्यायला हापशावरून आणते. जेवत जा वेळेवर.

आत्या


नाशिक रोड
१६ जुलै

ती. सिंधुआत्यास,
सा. न.

तुझी वही म्हणजे सोनं आहे. आतापर्यंत तेवीस तोफा मी तुझ्या वेळेबरहुकूम कापल्या. एकही वेळ चुकली नव्हती. उरलेला आलेख इतका स्वच्छ आला की सर म्हणाले, एवढी नीट नोंद आमच्या प्रयोगशाळेतही ठेवली जात नाही. कार्ड भरत आलं होतं, म्हणून कापलेले तुकडे पुसूनही टाकले. प्रबंधात आभार मानताना तुझं नाव सगळ्यात वर घालणार आहे, सरांच्याही वर.

तुझ्या डोंगराखाली मी समजत होते त्याच्या दुप्पट माती आहे. परीक्षकांना हे आवडेल.

एक विचारायचं होतं. रविवारी, तेरा तारखेला, तू तीन तोफा लिहिल्या आहेस. लष्कराला रविवारची सुट्टी नसते का गं? तुझ्या डुलकीत भांडी पडली असतील आणि तू तोफ लिहून मोकळी झाली असशील. चिडू नकोस, गंमत केली.

नागपूरच्या कंपनीचं पत्र आलं. निकाल दाखवला की एक सप्टेंबरला हजर व्हायचं. आई आत्तापासून लाडू वळायचं म्हणतेय.

पायल


करंजवाडी
१९ जुलै

चि. पायल,
अनेक आशीर्वाद.

नोकरीचं वाचून डोळे भरले. चंद्रभागेला पत्र वाचून दाखवलं. ती शेजारीण असली तरी आनंद तिला माझ्याएवढाच झाला.

रविवारी मी जागी होते. तोफाच होत्या. सैन्याचं आपण काय सांगावं, सीमेवर काही असेल तर सराव वाढवला असेल. कालच्या एका दिवसात सहा झाल्या. वहीत आहेत.

उंबऱ्यापासून चुलीपर्यंत जमिनीला बोट जाईल एवढी फट पडली होती, ती शेणामातीने लिंपून टाकली. दोन दिवसांनी पुन्हा उकलली, पुन्हा लिंपली. जुन्या घराचं असंच असतं. दादाला यातलं सांगू नकोस. तूही काळजी करू नकोस, अभ्यास कर.

आत्या


नाशिक रोड
२२ जुलै

आत्या,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, बस.

माझी मैत्रीण इन्शा देवळाली कॅम्पात राहते. तिचे वडील, रिझवानचाचा, बाजारात फौजी गणवेश शिवतात. काल मी सहज म्हटलं, यंदा तुमच्या तोफांनी माझा जीव खाल्ला. तर चाचांनी कात्री खाली ठेवली आणि म्हणाले, "बेटा, पाच तारखेपासून रेंज बंद आहे. गोळा नाही सुटला एकही."

तुझ्या वहीत पाच तारखेनंतरच्या सदतीस तोफा आहेत.

मी धावत प्रयोगशाळेत गेले. पुसलेले तुकडे गेले ते गेलेच. पण शेवटचं कार्ड अजून पुसलं नव्हतं. तोफेचं कसं असतं, आधी जमीन हलते आणि मागोमाग हवेचा धक्का येऊन पत्रे वाजतात. या तुकड्यांत मागचा धक्का कुठेच नाही. सगळे हादरे जमिनीतून आलेत, जवळून आलेत, आणि एकाच बाजूने आलेत. डोंगराच्या.

दार फुगलेलं नाही, आत्या. चौकट वाकली आहे. झऱ्यातून चहा येत नाही, डोंगरातली माती धुऊन येतेय. हे तू मला नऊ तारखेला लिहिलं होतंस आणि मी वाचून पुढे गेले. चार वर्षं हेच शिकले आणि स्वतःच्या आत्याच्या पत्रात मला ते दिसलं नाही. मला भीती वाटतेय.

आता खरं सांग. तोफ तुला ऐकू येते, की नुसती लागते?

पायल


करंजवाडी
२३ जुलै

चि. पायल,

नुसती लागते.

दोन वर्षं झाली, मला काहीच ऐकू येत नाही. थोडंसुद्धा नाही. ओठ बघून आणि अंदाजाने मी निभावून नेते. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर दादाने मला दुसऱ्या दिवशी उचलून नेलं असतं, आणि हे घर मी आणि ह्यांनी दोघांनी डोक्यावरून दगड वाहून बांधलेलं आहे. पायाला हादरा लागला की मी तोफ समजायचे. तीस वर्षांची सवय. आवाज झाला की नाही हे कुणाला विचारलं असतं तर बिंग फुटलं असतं.

तुझं पत्र आल्यावर लाज सोडून चंद्रभागेला विचारलं, या महिन्यात तोफा ऐकल्यास का. ती म्हणाली, "कसल्या तोफा? भांडी वाजत्यात तवा आमी म्हंतो, खाणीचा ट्रक गेला आसंल."

मग सगळ्यांना गोळा करून सांगितलं, डोंगर हलतोय. हसले. बहिरीला डोंगर ऐकू यायला लागला म्हणाले. ओठ वाचता येतात मला, हे विसरले. एकटे सावळीरामभाऊ हसले नाहीत. डोंगराकडे बघत बसून राहिले.

तुझा प्रबंध माझ्यामुळे बिघडला. वही मी इतकी नीट ठेवली, त्याचंच वाईट वाटतं.

आत्या


नाशिक रोड
२६ जुलै

ती. आत्यास,
सा. न.

काल सर आणि मी वर चढलो तेव्हा तू खालून बघत होतीस. खाली आल्यावर पाटीवर मी नुसतं 'भेग आहे' लिहिलं, कारण सगळे भोवती उभे होते. आता पूर्ण लिहिते.

भेग सावळीरामबाबांच्या घराच्या वर शंभर पावलांवर आहे. चंद्रकोरीसारखी, वाडीच्या रुंदीएवढी. माझा हात खांद्यापर्यंत आत गेला आणि तळ लागला नाही. पावसाचं सगळं पाणी त्यातच उतरतंय. गाडीत बसल्यावर सर म्हणाले, "हे आठ दिवसांत येईल किंवा आठ वर्षांनी. मला विचारू नकोस, पायल, कुणालाच सांगता येत नाही." मी इतक्या वर्षांत त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

आम्ही फोटो जोडून तहसील कचेरीत अर्ज दिला. साहेब दौऱ्यावर आहेत. पाहणीला पुढच्या आठवड्यात माणूस येईल म्हणाले. तुझ्या वाडीतल्या लोकांनी काय केलं ते तू पाहिलंसच. खाली चला म्हटलं तर भाताची आवणी टाकून कोण येतं, म्हणाले.

मी प्रबंध मागे घेतला. सदतीस हादरे तोफ समजून कापले, हे लिहिल्याशिवाय मला तो देता येणार नाही, आणि ते लिहायचं तर सगळं पुन्हा करावं लागेल. नागपूर आता नाही. आईला अजून सांगितलं नाही, ती डिंक आणायला गेलीय.

उद्या बाबा गाडी घेऊन येतील. तू निमूट ये. मी पाया पडते.

पायल


करंजवाडी
२७ जुलै, संध्याकाळ

चि. पायल,

दादा आला होता. रडला, रागावला, माझी पेटी गाडीत ठेवली. मी ती उतरवून घेतली. माझ्या बालवाडीत शिकलेली नऊ माणसं या वाडीत आज बापई-बायका झालीत, त्यांची पोरं आहेत. त्यांना डोंगराखाली ठेवून तुझ्या तिसऱ्या मजल्यावर मला झोप लागायची नाही.

आज दिवसभर विचार केला. ही माणसं डोंगराला भीत नाहीत, सरकारी अर्जाला भीत नाहीत, मला तर नाहीच नाही. भितात फक्त एका गोष्टीला. लाल झेंडा चढला की हातातला घास टाकून उठतात. त्यांच्या बापांनी गोळ्याने उडालेली गुरं पाहिली आहेत.

झेंडा मी शिवला आहे. माझ्या लाल परकराचा आहे, ते कुणाला सांगू नकोस. फकिरा पहाटे दुधाला येतो तेव्हा डोंगरावर लावून देईल, त्याला विश्वासात घेतलंय. पण नोटिशीशिवाय झेंडा कुणी मानत नाही. तुझ्याकडे छापायचं यंत्र आहे. तीन दिवसांची लिही, दिवस-रात्र म्हणून लिही, नाहीतर संध्याकाळी परत येतील.

हे वाईट काम आहे हे मला कळतं. तुझ्या जिवावर येत असेल तर छापू नकोस, मी हाताने लिहीन. पण माझं अक्षर सगळे ओळखतात, मीच शिकवलंय त्यांना.

आत्या


नाशिक रोड
२८ जुलै

आत्या,

सोबत नोटीस आहे. २९ ते ३१ जुलै, दिवस-रात्र. जुन्या नोटिशीचा फोटो इन्शाकडे होता, त्यावरून मजकूर घेतला. तिला कारण सांगितलं नाही. खाली सही म्हणून नुसती रेघ ओढली आहे. शिक्का करता आला नाही, म्हणून डिपार्टमेंटचा गोल शिक्का अर्धवट उठवला. लांबून चालेल.

लष्कराच्या नावाने खोटा कागद केलाय मी. पकडले गेले तर पुन्हा कुठल्याही सरकारी परीक्षेला बसता येणार नाही. आणि डोंगर आला नाही तर? तीन दिवसांनी लोक परत जातील, आणि पुढच्या वेळी खरा झेंडा लागला तरी हसतील. आज दिवसभर मी हेच मागत होते की डोंगर येऊ नये, आणि मध्येच वाटायचं की यायचा असेल तर याच तीन दिवसांत येवो. असं मनात आणल्याची मला लाज वाटते.

तू सगळ्यात आधी बाहेर पड. डबा तिथेच राहू दे, त्याच्यासाठी मागे फिरू नकोस.

पायल


शेवगे, शाळा
१ ऑगस्ट

चि. पायल,

तुला फकिराने निरोप दिला असेलच, की मी आहे. तरी सगळं लिहिते. कुणाला तरी लिहिल्याशिवाय माझ्या अंगातली थरथर जायची नाही.

मंगळवारी सकाळी झेंडा दिसला. तासाभरात पाच घरं रिकामी झाली. गुरं, कोंबड्या, पीठ, पोरांची दप्तरं. कुणी एक प्रश्न विचारला नाही. शाळेत चुली मांडल्या, बायकांनी पावसाला शिव्या दिल्या, पुरुषांनी पत्ते काढले. मी दारात बसून पायाने जमीन ऐकत होते.

सावळीरामभाऊही म्हैस घेऊन आले होते. बुधवारी सकाळी माझ्यापाशी येऊन बसले. पंचायतीच्या फळ्यावरची नोटीस त्यांनी चष्मा लावून वाचली होती. माझ्या हातातली पाटी घेतली आणि लिहिलं: 'आमच्या नोटीशीचा शिक्का चौकोनी आसतो.' तीस वर्षं ती नोटीस त्यांनीच चिकटवली होती, पायल. ते आपल्या लक्षातच आलं नाही.

पत्ते खेळणारे पाच हातांवर होते. मी खरं लिहिलं असतं आणि एकाने वाचलं असतं, तर सगळे उठून घरी गेले असते. मला भीती वाटली. मी पाटी पुसली आणि लिहिलं: 'नोटीस खरी आहे.'

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत. कुणाला काही बोललेही नाहीत. म्हशीचं दावं सोडलं आणि पाऊस बघत हळूहळू वर निघून गेले. त्यांना वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलंय, उगीच चारचौघांत पाणउतारा कशाला. डोंगर हलतोय म्हटल्यावर वाडीत न हसलेला तो एकटा माणूस होता. त्याला मी 'डोंगर' एवढंच लिहिलं असतं तर तो बसला असता. मला हे माहीत आहे.

मी मागे पळाले. हाका मारल्या. माझा आवाज केवढा निघतो ते मला आता कळत नाही. ते वळले नाहीत. चंद्रभागा मला धरून बसली, तिला वाटलं मी गोळ्यांत चाललेय.

दुपारी चंद्रभागेचा हात माझ्या हातात होता. आधी माझ्या तळपायाला कळलं, मग तिचा हात घट्ट झाला. मग सगळे उठून उभे राहिले, आणि सगळ्यांची तोंडं एकदम उघडी झाली. आवाज फार मोठा होता म्हणतात. मला फक्त तोंडं दिसली. पाऊस उघडल्यावर बघितलं तर करंजाचं झाड नाही, माझं घर नाही, सहांतलं एकही नाही. लाल चिखल ओढ्यापर्यंत आलाय. तीस माणसं शाळेत आहेत. म्हैस काल ओढ्याकाठी सापडली, चरत होती. भाऊ अजून सापडले नाहीत.

लोक माझ्या पाया पडतात. झेंड्याने वाचवलं म्हणतात, लष्कराचे उपकार म्हणतात. मी पाय मागे घेते. आज कचेरीतले साहेब आले होते, नोटीस कुणी काढली विचारत होते. मी त्यांना पाटीवर लिहून दिलं, मी काढली, एकटीने. तू मध्ये पडू नकोस. माझ्या वयाला काय करणार आहेत ते करू देत.

दादाला सांग, पेटी नाही आणि मीही आता नाही म्हणणार नाही. येऊन घेऊन जा.

तुझा डबा गेला. वही मात्र पदराखाली होती. प्रबंध पुन्हा लिहिशील तेव्हा ती लागेल, म्हणून शेवटची ओळ भरून पाठवते आहे. अक्षर या वेळी नीट आलेलं नाही.

३० जुलै, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. तोफ नाही.

आत्या